जुन्या पेट्रोल जीपला जोरदार इग्निशन कॉइल बसवताना: आधी मोजमाप, मग पाना

सपाट रस्त्यावर जीप छान चालते. ट्रेलर जोडून पुण्याजवळच्या बापदेव किंवा दिवे घाटाच्या चढाला लागलं, की तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच धक्के खाते आणि मिसिंग मारते, म्हणजे मधूनच प्लगची ठिणगी चुकते. मग कोणीतरी सांगतं, ‘कॉइल (बॅटरीचे व्होल्ट चढवून प्लगला ठिणगी देणारा डबा) कमजोर झालीय, मोठी टाक.’ मालक नाना पेठेत जातो, दिसायला मोठी आणि महाग कॉइल घेऊन येतो, जुनीच्या जागी लावतो. दोन दिवस गाडी सुरेख पळते. तिसऱ्या दिवशी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) जळतात आणि गाडी रस्त्यात उभी राहते.

माझ्या जीपचं हेच झालं होतं. मागे खताची दहा पोती होती आणि घाट अर्धा चढायचा बाकी होता. नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या गाड्यांत हाच प्रकार पाहिला. चूक प्रत्येक वेळी एकच असते: ओहम, म्हणजे विजेचा अवरोध, न मोजता कॉइल घेतलेली. म्हणून हा लेख.

मापं मी जुन्या जीपचं हरिकेन पेट्रोल इंजिन, पॉइंटचा डिस्ट्रिब्युटर (ठिणगी एकेका प्लगला वाटणारा भाग) आणि १२ व्होल्टची बॅटरी धरून दिली आहेत. जुनी पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा पेट्रोल-रॉकेलवर चालणारा जुना फर्ग्युसन ट्रॅक्टर असला तरी कामाचा क्रम हाच राहतो. पॉइंट, प्लग आणि टायमिंगची (ठिणगी नेमकी कधी उडावी याची) मापं मात्र त्या त्या गाडीच्या पुस्तकातून घ्या. लष्कराच्या लिलावातून आलेली २४ व्होल्टची गाडी असेल तर इथले आकडे वापरू नका.

चढावरच मिसिंग का होतं, हे आधी समजून घ्या

प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला किती व्होल्ट लागतील, ते त्या क्षणी सिलिंडरमध्ये दाब किती आहे यावर ठरतं. ॲक्सिलरेटर कमी दाबलेला असतो तेव्हा सिलिंडर अर्धवटच भरतो, दाब कमी असतो, ठिणगी सहज उडते. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडर भरभरून भरतो, दाब वाढतो आणि त्याच फटीला बरेच जास्त व्होल्ट लागतात. कॉइल तेवढे देऊ शकली नाही, किंवा ते वाटेत कुठेतरी गळाले, तर ठिणगी चुकते.

यातून दोन गोष्टी निघतात. कॉइल लागतील तेवढेच व्होल्ट चढवते, वरची क्षमता नुसती शिल्लक राहते. त्यामुळे सगळं ठीक असलेल्या गाडीला मोठी कॉइल लावून पिकअप वाढत नाही. दुसरं, गळती कॅपमध्ये किंवा वायरमध्ये असेल तर जास्त जोराची कॉइल ती गळती आणखी वाढवते. म्हणून कॉइलला हात लावायच्या आधी बाकीचं सगळं तपासायचं.

टप्पा १: सामान आणि सुरक्षितता

डिजिटल मल्टिमीटर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), बारीक पॉलिश पेपर, छोट्या पान्यांचा संच, १२ व्होल्टचा छोटा बल्ब दोन वायरींसह, दोन्ही टोकांना चिमटे लावलेली एक मीटरभर वायर आणि लाकडी दांड्याचा किंवा रबरी मुठीचा चिमटा जवळ ठेवा. वही-पेन्सिलही लागेल. पेन्सिल फक्त लिहायला नाही, टप्पा ७ मध्ये तिचं खास काम आहे.

सावध: कॉइलच्या मधल्या तोंडातून २०,००० व्होल्ट आणि त्याहून जास्त निघतात. पेसमेकर बसवलेल्या माणसाने चालू इंजिनाजवळ हे काम करू नये. ठिणगी तपासताना कार्बोरेटर किंवा पेट्रोलच्या पाइपातून गळती होत असेल तर आधी ती बंद करा, मगच पुढे जा.

टप्पा २: गाडीची अर्थ कुठली ते पाहा

बॅटरीचं कुठलं टोक चॅसीला जोडलंय ते डोळ्यांनी पाहून वहीत लिहा. बहुतेक जीपना निगेटिव्ह अर्थ असते, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक चॅसीला जोडलेलं असतं. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्या आणि फर्ग्युसन ट्रॅक्टर मूळचे पॉझिटिव्ह अर्थचे होते, आणि मधल्या काळात कोणीतरी ते उलटवलेलेही असू शकतात. पुस्तकात काय लिहिलंय यावर जाऊ नका, समोर काय जोडलंय ते पाहा.

इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर आधी चार्ज करून घ्या. अर्धमेल्या बॅटरीवर घेतलेलं पुढचं एकही माप धरण्यासारखं नसतं.

टप्पा ३: कॉइलच्या आजूबाजूचं आधी सुधारा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. घाईत तो गाळला जातो, आणि कित्येकदा गाडी इथेच नीट होते, कॉइल घ्यावीच लागत नाही.

*कॅप आणि रोटर.* कॅप म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं झाकण, रोटर म्हणजे त्याखाली फिरणारा तुकडा. कॅप काढून आतून कोरड्या कापडाने पुसा आणि उन्हात धरून पाहा. पितळी खुंट्यांच्या मध्ये केसासारखी काळी रेघ दिसली तर तो करंट पळायचा रस्ता आहे. ती घासून काढली तरी परत येते, कॅप बदला. मधला कार्बन स्प्रिंगवर मोकळा खालीवर व्हायला हवा. रोटरच्या खालच्या बाजूला जळाल्याचा ठिपका असेल तर रोटरही बदला.

*पॉइंट.* एका बाजूला उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला खड्डा पडला असेल तर कंडेन्सर (पॉइंट उघडताना तिथे ठिणगी होऊ न देणारा छोटा भाग) बिघडलाय किंवा चुकीच्या मापाचा आहे, असं समजा. असे पॉइंट कानशीने सपाट करत बसू नका, पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही नवीन टाका. नवीन पॉइंटवर तेलाचा हात असतो, तो पेट्रोलने पुसा. हरिकेनला पॉइंटची फट ०.५० मिलिमीटर. पॉइंटचा टेकू कॅमच्या सर्वात उंच टोकावर आणून मगच फीलर गेज घाला. थोडं अलीकडे-पलीकडे मोजलं की फट चुकते आणि तिच्याबरोबर टायमिंगही सरकतं.

*प्लग आणि वायरी.* प्लगची फट ०.७५ मिलिमीटर. रात्री गाडी अंधारात उभी करून बोनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि लांबून पाहा. वायरींवर किंवा कॅपवर निळसर चमक नाचताना दिसली तर करंट तिथे गळतोय. पावसाळ्यात लोणावळा-मुळशीकडे जाणाऱ्यांनी ही तपासणी बोनेटखाली स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारून करावी. कोरड्या दिवशी लपलेली गळती तेव्हा लगेच दिसते.

*अर्थ.* इंजिन ते चॅसी ही जाड पट्टी काढा, दोन्ही टोकांचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने काढा, परत घट्ट कसा. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटच्या प्लेटपासून बॉडीकडे जाणारी एक बारीक विणीव वायर असते. ती तुटलेली असली तरी गाडी चालते, कारण करंट प्लेटच्या बेअरिंगमधून वाट काढतो. चढावर मात्र तो दगा देतो. ही वायर कोणी तपासत नाही, तुम्ही तपासा.

तपासा: एवढं झाल्यावर ट्रेलर जोडून त्याच चढावर एक फेरी मारा. मिसिंग गेलं असेल तर थांबा. पैसे वाचले.

टप्पा ४: कॉइलपर्यंत किती व्होल्ट पोहोचतात

चिमट्याच्या वायरीचं एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला आणि दुसरं इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला लावा. पॉइंट बंद असल्यासारखीच ही स्थिती झाली. स्विच ऑन करा आणि पटकन दोन मापं घ्या:

१. बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकापासून कॉइलच्या स्विचकडच्या टोकापर्यंत व्होल्ट किती पडतात.
२. बॅटरीच्या अर्थच्या टोकापासून इंजिनाच्या लोखंडापर्यंत किती पडतात.

सावध: दहा सेकंदांत स्विच बंद करा. या स्थितीत कॉइलमधून सलग करंट वाहतो आणि ती भराभर तापते.

पहिलं माप अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर वायरिंग चांगलं आहे आणि बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट आवरणारा जादा अवरोध) नाही. ते ३ ते ६ व्होल्ट आलं तर दोन शक्यता: वाटेत बॅलास्ट आहे, किंवा इग्निशन स्विच आतून जळलाय. बॅलास्ट बहुधा फायरवॉलवर किंवा कॉइलच्या पट्टीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्याच्या रूपात दिसतो. काही गाड्यांत तो नुसत्या वायरच्या रूपात हार्नेसमध्ये दडलेला असतो. मीटरचं टोक स्विचच्या आधी, स्विचनंतर आणि कॉइलजवळ असं सरकवत न्या, व्होल्ट कुठे पडतात ते कळेल. स्विचमध्येच पडत असतील तर स्विच बदला. नव्या कॉइलचं निम्मं काम त्याच्या दुरुस्तीतच होतं.

दुसरं माप ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची पट्टी परत पाहा.

आता चिमट्याची वायर काढा, हँडलने इंजिन फिरवून पॉइंट बंद करा, स्विच ऑन करून कॉइलचं डिस्ट्रिब्युटरकडचं टोक आणि इंजिनाचं लोखंड यांमध्ये माप घ्या. इथेही ०.२ व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं तर पॉइंटचा पृष्ठभाग किंवा ती आतली विणीव वायर खराब आहे.

टप्पा ५: जुन्या कॉइलचे ओहम मोजा

बॅटरीचं एक टोक सोडा आणि कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी काढा. काढण्याआधी कुठली कुठे होती याचा मोबाइलवर फोटो घ्या.

मल्टिमीटर सर्वात लहान ओहमच्या रेंजवर ठेवा आणि आधी त्याची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा. मीटर ०.२ ते ०.५ ओहम दाखवेल. तो त्याच्या स्वतःच्या वायरींचा अवरोध, पुढच्या प्रत्येक मापातून वजा करायचा. हे न केल्यामुळे १.५ ओहमची कॉइल १.९ दिसते आणि माणूस गोंधळतो.

मग कॉइलच्या दोन लहान टोकांमध्ये मोजा. ३ ते ३.५ ओहम आले तर ती बॅलास्टशिवाय चालणारी १२ व्होल्टची कॉइल आहे. १.५ ओहमच्या आसपास आले तर तिला बाहेरून बॅलास्ट हवाच. १ ओहमपेक्षा कमी असलेली कॉइल इलेक्ट्रॉनिक इग्निशनसाठीची असते, ती पॉइंटवर चालवायची नाही.

त्यानंतर एक लहान टोक आणि मधलं जाड तोंड यांमध्ये मोजा, साधारण ६ ते १२ किलोओहम यायला हवेत. मीटरने काहीच दाखवलं नाही तर आतली तार तुटली आहे. ओहम बरोबर आले म्हणजे कॉइल ठणठणीत, असं मात्र नाही. गरम झाल्यावर आतलं इन्सुलेशन फुटणारी कॉइल थंड असताना अचूक मापं दाखवते. म्हणून अर्धा तास गाडी चालवून, कॉइल गरम असताना हे माप परत घ्या.

टप्पा ६: नवी कॉइल कोणती घ्यायची

सगळी गडबड इथे होते. पॉइंट साधारण ४ ते ५ अँपिअरपर्यंत करंट तोडतात, त्याहून जास्त झालं की जळायला लागतात. चालू गाडीत डायनॅमो किंवा अल्टरनेटर १४ व्होल्टच्या जवळ देतो. आता भागाकार करा:

३ ओहमची कॉइल: १४ भागिले ३, म्हणजे ४.७ अँपिअर. चालेल.
१.५ ओहमची, बॅलास्टशिवाय: ९.३ अँपिअर. पॉइंट काही दिवसांत जातात.
०.६ ओहमची: २३ अँपिअर. पॉइंट पहिल्या प्रवासातच जळतात, कॉइलही उकळते.

माझ्या जीपला दुकानातून मिळालेली कॉइल १.५ ओहमची होती, आणि गाडीत बॅलास्ट नव्हता. डब्यावर ‘१२ व्होल्ट, हाय पॉवर’ एवढंच छापलेलं होतं, आणि मी तेवढंच वाचलं. म्हणून आता खिशात मल्टिमीटर घेतल्याशिवाय दुकानात जात नाही. काउंटरवरच मोजून घ्या. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान पाहा.

बॅलास्ट नसलेल्या पॉइंटच्या गाडीला ३ ते ३.४ ओहमची, तेल भरलेली, जास्त व्होल्ट देणारी कॉइल घ्या. बॅलास्ट असलेल्या गाडीत दोन मार्ग आहेत. १.५ ओहमची चांगली कॉइल घेऊन बॅलास्ट तसाच ठेवा, किंवा ३ ओहमची घेऊन बॅलास्ट पूर्ण वगळा. दोन्ही एकत्र ठेवलं तर ठिणगी आधीपेक्षाही मरगळलेली निघते.

पहिल्या मार्गाचा एक फायदा थंडीत कळतो. सेल्फ मारताना बॅटरी ९ ते १० व्होल्टवर उतरते. बॅलास्टच्या गाडीत सोलेनॉइडकडून (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचकडून) एक जादा वायर कॉइलला येते आणि नेमकं त्या वेळी बॅलास्ट टाळून पूर्ण व्होल्ट देते. ही वायर तुटलेली असेल तर सेल्फ सोडल्यावरच गाडी चालू होते, तोवर नुसती फिरत राहते. डिसेंबरच्या सकाळी अशी गाडी पाहिली की मी आधी तीच वायर शोधतो.

जुन्या बाजारातली वापरलेली कॉइल घेऊ नका. ती किती तापलेली होती, हे बाहेरून कळत नाही.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलेलं असेल तर मॉड्यूलच्या कागदावर कॉइलचे किमान ओहम दिलेले असतात. त्याखाली जाऊ नका.

टप्पा ७: बसवणं आणि पोलॅरिटी (+ आणि − ची दिशा)

कॉइल उभी बसवा, तोंड वर. आडवी बसवली तर आतलं तेल एका बाजूला जातं आणि गुंडाळीचा काही भाग कोरडा राहून तापतो. सायलेन्सरच्या बाजूपासून ती दूर हवी. पट्टी घट्ट असावी, पण डबा चेपेल इतकी नको. बॅलास्ट लोखंडी पत्र्यावर आणि वायरींपासून बोटभर लांब ठेवा, तो हात भाजेल इतका तापतो.

निगेटिव्ह अर्थच्या गाडीत कॉइलचं + टोक स्विचकडे आणि − टोक डिस्ट्रिब्युटरकडे. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत उलट: − स्विचकडे, + डिस्ट्रिब्युटरकडे. काही कॉइलवर खुणेऐवजी आकडे असतात. १५ म्हणजे स्विचकडून येणारं, १ म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे जाणारं, ४ म्हणजे मधलं जाड तोंड.

वायरी उलट लागल्या तरी गाडी चालू होते. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. ठिणगी प्लगच्या मधल्या तापलेल्या टोकातून निघून बाहेरच्या पट्टीकडे जायला हवी. उलट दिशेने जायला तिला बरेच जास्त व्होल्ट लागतात, म्हणजे मोठ्या कॉइलचा फायदा तिथेच संपतो.

तपासा: इंजिन बंद असताना एका प्लगची वायर काढा आणि प्लगपासून सुमारे ५ मिलिमीटरवर, प्लगच्या तोंडाकडे रोखून, लाकडाला बांधून ठेवा. इंजिन चालू करा. रबरी मुठीच्या चिमट्यात धरलेल्या पेन्सिलीचं शिसं या दोघांच्या मध्ये आणा. ठिणगीचा नारिंगी फुलारा शिसं आणि प्लग यांच्या मध्ये दिसला तर पोलॅरिटी बरोबर. तो वायरच्या बाजूला दिसला तर कॉइलच्या दोन बारीक वायरी आपसात बदला. उजेडात हा फुलारा दिसत नाही, संध्याकाळी करा.

टप्पा ८: ठिणगी, मग टायमिंग

कॅपमधून कॉइलची मधली वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून ६ मिलिमीटरवर चिमट्याने धरा, कार्बोरेटरपासून लांब. स्विच ऑन, पॉइंट बंद. इन्सुलेटेड पेचकसाने पॉइंट उघडा. निळी-पांढरी जाड ठिणगी, ‘टक्’ असा कोरडा आवाज यायला हवा. पिवळट, बारीक आणि कधीमधी चुकणारी ठिणगी आली तर कंडेन्सर परत पाहा.

सावध: ही वायर हवेत लटकती ठेवून इंजिन फिरवू नका. करंटला बाहेर वाट मिळाली नाही तर तो कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढतो. नवी कॉइल अशी पहिल्याच दिवशी मेलेली पाहिली आहे.

पॉइंटला हात लावला असेल तर टायमिंग परत लावायलाच हवं. क्रम महत्त्वाचा: आधी फट, नंतर टायमिंग. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं. हरिकेनला पिस्टन वर पोहोचण्याच्या ५ अंश आधी ठिणगी हवी. छोटा बल्ब कॉइलचं डिस्ट्रिब्युटरकडचं टोक आणि अर्थ यांमध्ये लावा, स्विच ऑन करा. एक नंबरच्या सिलिंडरचा कॉम्प्रेशनचा फेरा येऊ द्या आणि हँडलने इंजिन खुणेवर आणा. डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवून बल्ब नुकता पेटतो त्या जागी कसा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम) १-३-४-२, आणि रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. वायरी लावताना ही दिशा विसरली तर गाडी कार्बोरेटरमधून फटाके वाजवते.

नवी कॉइल आहे म्हणून प्लगची फट एकदम १ मिलिमीटरवर नेऊ नका. जुना कॅप आणि रोटर तेवढ्या व्होल्टसाठी बनलेले नाहीत. वाढवायचीच तर ०.८५ पर्यंत, आणि तीही चढावरची फेरी नीट गेल्यावर.

टप्पा ९: चढावरची परीक्षा

आधी ट्रेलरशिवाय वीस मिनिटं शहराबाहेर चालवा, थांबा, कॉइलला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करा. गरम असणं ठीक. हात टेकवता येत नसेल इतकी तापली असेल तर ओहमचा हिशेब परत करा. मग ट्रेलर जोडून जुना कात्रज घाट किंवा बापदेव चढा, तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. इंजिनाने धक्का न देता ओढायला हवं. अजूनही अडखळत असेल आणि वरचं सगळं बरोबर असेल, तर आता पेट्रोलकडे वळा: फिल्टर, पंप, कार्बोरेटरचा मेन जेट. चढावर पेट्रोल कमी पडल्याचा धक्का आणि ठिणगी चुकल्याचा धक्का बाहेरून सारखेच वाटतात. धक्के सुरू झाल्यावर चोक थोडा ओढून पाहा. गाडी सुधारली तर दोष पेट्रोलचा.

गाडी उभी करून टेप ऐकायचा किंवा दिवे तपासायचे असतील तर इग्निशन ऑन ठेवू नका. पॉइंट नेमके बंद स्थितीत थांबले असतील तर कॉइलमधून सलग करंट वाहत राहतो, तेल उकळतं आणि डबा फुटतो.

पाचशे किलोमीटरनंतर कॅप उघडून पॉइंटचा रंग पाहा. फिकट राखाडी असेल तर कॉइल आणि कंडेन्सरची जोडी जमली. निळसर-काळे, जळाल्यासारखे असतील तर करंट अजून जास्त वाहतोय. मल्टिमीटर घेऊन परत टप्पा ५ पासून सुरुवात करा.